जाऊं द्या

चव्वेचाळिसाव्या वर्षीं जी बाई कायद्याच्या वर्गांत जाऊन बसते, तिला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. "घरीं कांहीं वाटणीबिटणीचा तंटा आहे कीं काय?" हा पहिला, आणि "आतां शिकून करणार काय?" हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मला सोपें होतें. आमचें नऊ माणसांचें कुटुंब अजून एका चुलीवर जेवतें, आणि वाटणी करावी असें कोणाच्या मनांतहि नाहीं. दुसऱ्याचें उत्तर मात्र मला स्वतःलाच ठाऊक नव्हतें. मुलें हाताशीं आलीं होतीं, लग्नाच्या वेळीं राहून गेलेली हौस मनांत होती, आणि सासूबाईंनीं "जा, मी आहें घर बघायला" असें म्हटलें, एवढ्यावर मी प्रवेशपरीक्षेला बसलें. स्त्रियांना वकिलीची सनद देणारा कायदा आपल्या देशांत १९२३ सालीं झाला. बरोबर शंभर वर्षांनीं, २०२३ सालीं, मी त्या दारांतून आंत गेलें. त्या विद्येनें मला पुष्कळ कांहीं दिलें. पण आज लिहावयाचें आहे तें, ती विद्या पिशवींत असतांना हातचें काय निसटलें, त्याविषयीं.

आमचें धाड हें बुलढाणें तालुक्याच्या दक्षिण टोंकाचें गांव. येथून थोड्याच अंतरावर जालना जिल्हा लागतो. १९४८ पर्यंत तेथें निजामाचें राज्य होतें, म्हणजे आमचें गांव वऱ्हाडच्या उंबरठ्यावरचें म्हणावयाचें. आगगाडी या गांवानें कधीं पाहिली नाहीं. उत्तरेस मलकापूर आणि दक्षिणेस जालना हीं आमचीं स्टेशनें, आणि दोन्ही दूर. त्यामुळें लग्नकार्य असो, बाळंतपण असो, परीक्षा असो कीं कचेरीचें काम असो, मोटारीवांचून गति नाहीं. येथल्या माणसाच्या आयुष्याचा केवढा तरी भाग रस्त्याच्या कडेला गाडीची वाट पाहण्यांत जातो, आणि गाडी आली म्हणजे ती आली याचाच त्याला इतका आनंद होतो कीं, आंत काय सोसावें लागलें याची तक्रार करण्याचें त्राण उरत नाहीं.

माझें महाविद्यालय अमरावतीस. तेथें माझी नणंद राहते, तिच्याकडे आठवडाभर राहावयाचें आणि पंधरा दिवसांनीं घरीं यावयाचें, असें ठरलें. धाडहून मोटारीनें बुलढाणें, तेथून राजूरचा घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर, मलकापुराहून आगगाडीनें बडनेरा आणि मग अमरावती, असा तो प्रवास. पूर्वीं या रस्त्यानें जातांना मी घाटांतलीं झाडें पाहत असें. कायदा शिकूं लागल्यावर मला त्याच रस्त्यावर कायद्याचीं कलमें दिसूं लागलीं. घाट उतरेपर्यंत मोटार वाहन अधिनियम, मलकापूरचा फलाट आला कीं रेल्वे अधिनियम. तिकिटाचा तो बोटभर कागद हा एक करार आहे, आणि तो मीं रोज चुरगाळून फेंकीत आलें, हें मला प्रथमच कळलें.

अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ सालची. तेथील कायद्याच्या अभ्यासक्रमांत अपकृत्यांचा कायदा म्हणून एक विषय असतो; एकाच्या चुकीनें दुसऱ्याचें नुकसान झालें तर भरपाई कशी व्हावी, याचें तें शास्त्र. मोटारीचे अपघात आणि ग्राहकसंरक्षण हीं दोन्ही प्रकरणें त्यांतच येतात. आमच्या प्राध्यापकांनीं पहिल्याच आठवड्यांत एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी वऱ्हाडची मुलगी असल्यामुळें जरा दचकलें. माल वाहून नेणाऱ्यांसाठीं आपल्या देशांत १८६५ सालीं कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणें वाटेंत मालाची नासाडी झाली तर मालवाल्यानें वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नसे. माल पोंचला नाहीं, एवढें दाखविलें कीं पुरे. परंतु हें संरक्षण मालाला होतें, माणसाला नव्हतें. प्रवाशाला दुखापत झाली तर वाहकानें योग्य ती काळजी घेतली नाहीं, हें त्यानेंच पुराव्यानिशीं दाखवावयाचें. १८७० सालीं जलंबाहून खामगांवपर्यंत लोहमार्गाचा फांटा आला, तो आमच्या कापसासाठीं. मनांत आलें, त्या काळीं कापसाचा गठ्ठा आणि त्याच्या शेजारीं बसलेली बाई एकाच गाडींतून पडलीं असतीं, तर कायद्यानें आधीं गठ्ठ्याची विचारपूस केली असती!

ही स्थिति बदलावयास फार वर्षें लागलीं. घरचें माणूस दुसऱ्याच्या चुकीनें दगावलें तर मागें राहिलेल्यांना दावा लावतां यावा, असा कायदा आगगाडी सुरू झाल्यावर दोन वर्षांनीं, १८५५ सालीं झाला होता; पण दिवाणी कोर्टाची पायरी गरिबाला कोठून परवडणार? १९३९ सालीं मोटारींचा सविस्तर कायदा आला, आणि १९५६ च्या दुरुस्तीनें अपघाताचे दावे चालविण्यासाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची सोय झाली. १९८२ सालीं, मृत्यु किंवा कायमचें अपंगत्व आल्यास चूक कोणाची हें न पाहतां कांहीं रक्कम द्यावी, हें तत्त्व मोटारींच्या कायद्यांत प्रथमच शिरलें. रेल्वेच्या कायद्यांत तें १९९४ सालीं अधिक रुंद झालें; गाडींतून प्रवासी चुकून खालीं पडला तरी भरपाई मागतां येऊं लागली. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असेंहि स्पष्ट केलें कीं, रेल्वेच्या अपघातांत सांपडलेल्या माणसाच्या खिशांत तिकीट मिळालें नाहीं, एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असें ठरत नाहीं. गठ्ठ्याला जें मिळालें होतें तें माणसापर्यंत पोंचावयास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला.

हें सारें मी मोठ्या आवडीनें टिपून घेत होतें. आणि माझ्या घरीं, त्याच वेळीं, सासूबाई डाव्या हातानें भाजी चिरावयास शिकत होत्या.

ती हकीगत अशी. २०२३ च्या मे महिन्यांतल्या दुसऱ्या आठवड्यांत बुलढाण्यास एक लग्न होतें. मामंजी, सासूबाई आणि मी असे तिघें गेलों होतों. परत येतांना मिळाली त्या मोटारींत बसलों. ती मोटार कोणाची, हें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. धाडला गाडी थांबली. मामंजी उतरले, सासूबाईंनीं एक पाय खालीं टाकला, दुसरा अजून पायरीवर होता, आणि गाडीनें पुढें हिसका घेतला. मी त्यांच्या मागें पायरीच्या वर, दोन पिशव्या घेऊन उभी होतें. मला त्यांचा पदर दिसला आणि मग दिसला नाहीं. त्या उजव्या हातावर पडल्या होत्या. गाडी चार पावलांवर थांबली. चालक धांवत आला, बिचारा घाबरून गेला होता. भोंवतीं लोक जमले. कोणी म्हणालें पोलिसांत वर्दी द्या, कोणी म्हणालें गाडीचा क्रमांक टिपून घ्या. मामंजींनीं सासूबाईंना उठवून बसविलें, धूळ झटकली आणि हात वर करून म्हणाले, "जाऊं द्या, जाऊं द्या. त्यानं काय मुद्दाम केलं?"

लोकांना तें फार आवडलें. मलाहि तेव्हां आवडलें, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या मामंजींनीं उभा जन्म शाळेंत शिकविण्यांत घालविला. दुसऱ्याचें वाईट चिंतूं नये, आल्या प्रसंगाचें भांडवल करूं नये, ही त्यांची शिकवण, आणि ते स्वतः तसेच वागत आले. चौथ्या दिवशीं गाडीवाल्यांकडून एक गृहस्थ आले, "आजींच्या औषधपाण्याला" म्हणून कांहीं नोटा पुढें करूं लागले. मामंजींनीं त्यांना चहा दिला आणि नोटा परत दिल्या. "आम्ही दान घेत नाहीं," एवढेंच ते म्हणाले. त्या दिवशीं घरांत सर्वांना त्यांचा अभिमान वाटला.

मनगटाचें हाड मोडलें होतें. बरेच आठवडे प्लॅस्टर होतें. तें असतांनाच १ जुलैच्या पहांटे आमच्याच जिल्ह्यांत, सिंदखेडराजाजवळ समृद्धि महामार्गावर, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक प्रवासी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसें आंतच जळून गेलीं. दोन दिवस आमच्या घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. सासूबाई आपल्या गळ्यांत अडकविलेल्या हाताकडे पाहून म्हणाल्या, "माझं काय, मनगटच तर आहे." मोठ्या दुःखासमोर लहान दुःखाला तोंड उघडण्याची लाज वाटते. आम्हां सर्वांनाच ती वाटली, आणि मनगटाचा विषय घरांतून निघून गेला. मनगट मात्र गेलें नाहीं. प्लॅस्टर निघालें तें हाड वांकडें जुळून. हात वळेना, मूठ आवळेना. कणीक तिंबणें, धुणें पिळणें, बरणीचें झांकण काढणें, जड पातेलें उतरविणें, या साऱ्यांतून सासूबाई बाद झाल्या. मी कॉलेज सोडतें म्हणालें, तेव्हां त्या रागावल्या. जाऊबाईंनीं न बोलतां त्यांचीं कामें अंगावर घेतलीं. पावसाळ्याच्या अखेरीस माझे वर्ग सुरू झाले.

आतां मूळ गोष्टीकडे येतें. २०२४ च्या जानेवारींत, संक्रांतीच्या आधीं, वर्गांत मोटार वाहन अधिनियमाचें कलम १६६ निघालें. प्राध्यापक सांगत होते: १९८८ च्या कायद्यांत अर्जास सहा महिन्यांची मुदत होती, १९९४ मध्यें ती काढून टाकण्यांत आली, २०१९ च्या दुरुस्तीनें ती पुन्हां आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. "अपघातापासून सहा महिने," ते फळ्यावर लिहीत म्हणाले, "आणि उशीर माफ करण्याची सोय कायद्यांत ठेवलेली नाहीं." त्यांनीं कलम १६४ हि सांगितलें. अपघातांत मृत्यु आल्यास पांच लाख, गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये, आणि तेथें चालकाचा दोष सिद्ध करण्याचीहि आवश्यकता नाहीं. हाड मोडणें ही कायद्याच्या व्याख्येनें गंभीर दुखापतच होय.

मी बांकाखालीं बोटें मोजलीं. मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मुदत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत संपली होती. ती दिवाळी होती. मी सुटींत घरीं होतें. अपकृत्यांच्या कायद्याचें पुस्तक कोनाड्यांत ठेवलेलें होतें, आणि मी सासूबाईंच्या शेजारीं बसून, त्यांना जमत नाहीं म्हणून, चकल्या पाडीत होतें. पुस्तकाचीं पुढलीं पानें मीं तेव्हां उलगडलीं असतीं तर! पण परीक्षेला जेवढें लागेल तेवढेंच आधीं वाचावें, ही विद्यार्थ्याची जुनी खोड वयानें जात नाहीं.

त्या महिन्यांत आम्हांला एक गृहपाठ दिला गेला: अपघाताच्या भरपाईसाठीं एक काल्पनिक अर्ज लिहून आणा. मीं नांव बदललें, पण मनगट सासूबाईंचेंच घेतलें. अर्जांत जखमी व्यक्तीचा व्यवसाय लिहावा लागतो. मीं लिहिलें, "गृहिणी". पुढचा रकाना होता मासिक उत्पन्नाचा. तेथें माझी लेखणी अडली.

या रकान्यासाठीं न्यायालयांनाहि पुष्कळ अडखळावें लागलें आहे. १९९४ सालीं कायद्याला जोडलेल्या परिशिष्टांत, न कमावणाऱ्या पत्नीचें उत्पन्न हें नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश धरावें, असें होतें. म्हणजे एकाच तऱ्हेनें राबणाऱ्या दोन बायकांची किंमत त्यांच्या नवऱ्यांच्या पगारावरून ठरावयाची. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत गृहिणीच्या सेवेचें मोल महिना तीन हजार रुपये धरलें, आणि वयस्क बायकांसाठीं त्याहूनहि कमी. २०१० सालच्या निकालांत न्यायमूर्तींनीं एक फार बोचणारी गोष्ट दाखवून दिली: २००१ च्या जनगणनेंत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना काम न करणाऱ्यांत गणलें होतें, आणि त्या पंक्तीस भिकारी आणि कैदी बसविलेले होते. २०२१ च्या जानेवारींतील निकालांत न्यायालयानें सरकारी पाहणीचे आंकडे दिले आहेत. २०१९ च्या त्या पाहणीप्रमाणें बिनपगारी घरकामांत बायकांचीं रोज सरासरी २९९ मिनिटें जातात; पुरुषांचीं ९७. गृहिणीचें काम हें काम आहे आणि त्याचें मोल पैशांत धरणें हा तिच्यावर उपकार नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

संक्रांतीला घरीं आलें, तेव्हां सासूबाईंच्या कामाची यादी करून मीं ती रात्रीं माजघरांत वाचून दाखविली. पहांटेचा सडा, दूध, देवपूजेची तयारी, नऊ माणसांच्या पोळ्या, दोन वेळचा स्वयंपाक, धुणें, उन्हाळ्यांतलीं वाळवणें, नातवंडांचे पाढे आणि दुखलेंखुपलें. जाऊबाई, मुलें, भावजी, सारे ऐकत होते. मामंजी बाहेर ओटीवर होते, पण दार उघडें होतें. सासूबाई वाती वळीत बसल्या होत्या. उजव्या तळव्यावर नीट वळत नाहींत म्हणून त्या वाती हल्लीं गुडघ्यावर वळतात. यादी संपल्यावर मला वाटलें त्या लाजतील किंवा "कशाला हे उद्योग" म्हणतील. त्या म्हणाल्या, "पोळ्या धरल्यास. पाणी कुठं धरलंस?"

"पाणी?"

"नळ ज्या दिवशीं यायचा त्या दिवशीं तीनला उठून कोण भरत होतं? तुम्ही सगळे निजलेले असायचा."

मीं पाणी लिहिलें. मग त्यांनीं लोणचीं सांगितलीं, गाद्यांना ऊन दाखविणें सांगितलें, येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा सांगितला. शेवटीं म्हणाल्या, "आणि माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या, तें?"

"तें अपघाताच्या आधींचं," मीं म्हटलें. "तें नुकसानींत धरतां येत नाहीं."

"धरूं नकोस," त्या म्हणाल्या. "पण लिही."

मीं लिहिलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें मामंजी आंत आले. त्यांच्या हातांत त्यांची रोजकीर्द होती. पन्नास वर्षें ते ती लिहीत आले आहेत. मे महिन्याचें पान काढून त्यांनीं माझ्यापुढें ठेवलें. "मोटारभाडें, बुलढाणें ते धाड, माणसें ३," अशी एक ओळ होती. तिच्याखालीं डॉक्टर, एक्स-रे आणि प्लॅस्टर यांच्या रकमा, पैशापर्यंत. "हें घाल त्यांत," ते म्हणाले.

"मामंजी, हा अर्ज खरा नाहीं. वर्गापुरता आहे."

"ठाऊक आहे." ते क्षणभर उभे राहिले. "मला वाटलं, पैसे मागणं म्हणजे तिच्या दुखण्याचा बाजार मांडणं."

सासूबाईंनीं वातीवरून मान वर केली नाहीं. "दुखणं माझं होतं," त्या म्हणाल्या. "मला विचारायचं तरी होतं."

त्या रात्रीनंतर मीं या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. मामंजींची चूक कायदा ठाऊक नसल्याची नव्हती. कायदा तर माझ्या कोनाड्यांत होता, आणि त्याचा उपयोग झाला नाहीं. चूक निराळीच होती, आणि ती एकट्या मामंजींची नव्हे. क्षमा हा मोठा गुण आहे, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु क्षमा करण्याचा अधिकार ज्याचें हाड मोडलें त्याचा असतो. आमच्या घरांत क्षमा केली मामंजींनीं, तिचें कौतुक झालें त्यांचें, आणि ती फेडावी लागली सासूबाईंच्या मनगटाला आणि जाऊबाईंच्या कमरेला. एकत्र कुटुंबांत आपण सुखदुःख वांटून घेतों असें म्हणतों. तें खरेंहि आहे. पण वांटणी करतांना कोणाच्या वांट्याला औदार्य आलें आणि कोणाच्या वांट्याला कणीक आली, हें एकदां पाहावयास हवें.

दुसरें असें कीं, भरपाई म्हणजे दान, हा आमचा समज मुळांतच खोटा. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. तिकीट घेणाऱ्याला मुक्कामीं सुखरूप उतरवून देणें हें घेतलेल्या पैशांचें काम आहे. तें अर्धें राहिलें तर उरलेलें मागणें ही याचना नव्हे आणि सूडहि नव्हे. आम्ही नोटा परत केल्या तें योग्यच केलें. पण त्या परत करून न्यायाधिकरणाकडे जावयास हवें होतें. तसें न केल्यामुळें नुकसान आमचें झालेंच. शिवाय पायरीवर माणूस असतांना गाडी हलली, याची नोंद जगांत कोठेंहि राहिली नाहीं. उद्यां दुसरी कोणी बाई तशीच पडली तर ती पहिलीच ठरेल.

म्हणून, ज्या घरांत हा अंक वाचला जाईल तेथें चार गोष्टी ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठीं लिहितें. तिकीट घरीं येईपर्यंत जपून ठेवावें. अपघात झाला तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि जवळ असलेल्या दोघांचीं नांवें लगेच टिपावींत. पोलिसांत नोंद करावी. मोटार अपघाताची माहिती पोलिसांनीं तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवावी, असा आतां नियम आहे, परंतु नोंदच नसेल तर ते काय पाठविणार? दवाखान्याचा प्रत्येक कागद राखावा. मोटारीच्या अपघाताचा अर्ज आपण राहतों त्या भागाच्या न्यायाधिकरणाकडे देतां येतो, परगांवीं धांवण्याचें कारण नाहीं. आगगाडीच्या अपघातासाठीं रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. तेथें मुदत एक वर्षाची. सेवेंत कसूर झाली म्हणून ग्राहक आयोगाकडे जावयाचें तर दोन वर्षें. आगगाडींत आपल्याजवळचें सामान, तें नोंदवून पावती घेतली नसेल तर, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा दाखविल्यावांचून रेल्वे त्याची जबाबदारी घेत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें. आणि या सर्वांहून महत्त्वाचें म्हणजे, ज्याला लागलें आहे त्याला आधीं विचारावें.

त्या सहा महिन्यांच्या मुदतीविषयीं एक सांगावयाचें राहिलें. तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें गेलें, आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत न्यायालयानें, मुदत उलटली एवढ्याच कारणानें असे अर्ज तूर्त फेटाळूं नयेत, असा अंतरिम आदेश दिला. मी ती बातमी घेऊन घरीं आलें. यावेळीं माजघरांत बसून, सर्वांसमक्ष, सासूबाईंना विचारलें: अर्ज करावयाचा का? पुरावा थोडा आहे, वर्दी नाहीं, यश येईलच असें नाहीं. मी साक्षीदार आहें, आणि मामंजींची रोजकीर्द आहे. सासूबाईंनीं मामंजींकडे पाहिलें. ते म्हणाले, "तूं सांग." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "कर. मिळो न मिळो. पण त्यांत पाणी धर."

बुलढाण्याच्या एका वकिलांकडे कागद दिले आहेत. पुढें काय व्हावयाचें तें न्यायाधिकरण ठरवील. माझें शिक्षण आतां संपत आलें आहे. "शिकून करणार काय?" असें कोणी विचारलें तर अजूनहि मला चटकन् उत्तर सुचत नाहीं. पण मागच्या आठवड्यांत मामंजी-सासूबाई बुलढाण्याला जाऊन आले, आणि रात्रीं रोजकीर्द लिहितांना मीं सहज डोकावून पाहिलें. मोटारभाड्याच्या रकमेपुढें मामंजींनीं गाडीचा क्रमांक लिहिला होता.